घूंच्या खालचा आवाज

मी रोज व्रत पाळणारी बाई आहे. मला भुताची भीती वाटते, पण त्याहून जास्त खोटं बोलण्याची वाटते. म्हणून आधीच सांगते, पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. माझ्या घरात. माझ्या डोळ्यांदेखत.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. गेलेल्या माणसांची अब्रू मागे राहिलेल्यांनी सांभाळायची असते.

तुम्हाला वाटेल, काळोखी रात्र असेल. कुत्री रडत असतील.

नाही.

भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट जिन्यापर्यंत आलं होतं. शेजारच्या शिंप्याचं मशीन चालू होतं. सगळं रोजच्यासारखं होतं...

आमचं घर वर आणि दुकान खाली. मधे लाकडी जिना. यांचा धंदा स्पीकर दुरुस्तीचा. नाट्यगृहांचे, सभागृहांचे मोठाले खोके आमच्याकडे येतात. खोक्यात जो गोल कागदी पडदा थरथरतो, त्याला कोन म्हणतात. कोन, मागचं चुंबक आणि तारेचं वेटोळं मिळून जो भाग होतो, तो ड्रायव्हर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा. हे किती दिवस हसत होते!

नवा ड्रायव्हर ताठ असतो. लगेच जोरात वाजवला तर फाटतो. आधी त्याला मोकळा करावा लागतो.

"नवा जोडा पायाला लागतो ना, तसं," हे सांगायचे. "थोडा थोडा वापरून सैल करायचा."

त्यासाठी त्यातून नुसती एक घूं सोडायची. जाड, खालच्या पट्टीतली. दिवसभर.

सासरे हे काम उघड्यावर करायचे. ड्रायव्हरचं तोंड रस्त्याकडे आणि आवाज पूर्ण मोठा. त्यांनी घूंची एक टेप भरून ठेवली होती. ती लागली की अख्खी गल्ली खिडक्या लावून घ्यायची. पण बोलायची छाती कुणाची नव्हती. माणूस तापट होता म्हणे. मी त्यांना पाहिलेलं नाही. एवढंच माहीत की लाकूड कापताना त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं. आणि हे शाळेत असताना, दुकानात डोक्यावर खोका पडून ते वारले.

"खोका पडला." यापलीकडे घरात कुणी कधी काही सांगितलं नाही.

सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नसे. कारण विचारलं की म्हणायच्या, "स्पीकरवाल्याची बायको मी. दुसरं काय होणार, पोरी?"

सोन्यासारखं माणूस. मला आई नाही, पण या घरात मला तिची आठवण काढायची वेळ आली नाही. शिंप्याच्या शर्टांना त्या बटणं लावून द्यायच्या. दिवसभर हातात सुई आणि मांडीवर बटणांचा डबा.

त्यांची एकच खोड होती. दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एका जुन्या ड्रायव्हरचं चुंबक ठेवलेलं असे. काळं, गोल, उचलायला दोन हात लागतील असं. ते त्या कुणाला हलवू द्यायच्या नाहीत. रोज ओल्या फडक्याने पुसायच्या.

"आई, देवासारखं पुसता हो," मी एकदा गमतीने म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.

यांची पद्धत वडिलांपेक्षा वेगळी. हे दोन नवे ड्रायव्हर समोरासमोर ठेवायचे, अगदी तोंडाला तोंड लावून. आणि एकाच्या तारा उलट्या जोडायचे. म्हणजे एकाचा कोन पुढे आला की दुसऱ्याचा मागे जातो. एकाचा आवाज दुसरा खाऊन टाकतो. दोन्ही जीव तोडून वाजत असतात आणि बाहेर जवळजवळ काही येत नाही. वरून एक जाड रजई टाकली की झालं.

"नवरा-बायकोसारखं आहे बघ," हे म्हणायचे. "एक हो म्हणतो, दुसरी नाही म्हणते. निकाल शून्य!"

"शून्य कसला? आजवर कधी माझ्या नाहीच्या पुढे गेलात?"

यावर शिंपी आपल्या दारातून हसायचा. "वहिनी, यांच्या बाबांच्या वेळी आमच्या कात्र्या टेबलावर नाचायच्या. तुमच्याकडून आता मांजर शिंकल्याचासुद्धा आवाज येत नाही."

तर त्या दिवशीची गोष्ट.

एका नाट्यगृहाचे दोन मोठे ड्रायव्हर मोकळे करायचे होते. आणि घूं काढणारं यांचं यंत्र नेमकं बिघडलं. हे माळ्यावर चढले. खाली आले तेव्हा हातात सासऱ्यांची जुनी टेप होती.

सासूबाई बटण लावत होत्या. त्यांनी टेपकडे पाहिलं. सुई बोटात शिरली, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

"ती नको."

"अगं आई, नुसती घूं तर आहे तिच्यात."

"माहितीये मला काय आहे. ती नको लावू."

"दुसरं काही नाहीये माझ्याकडे. संध्याकाळी माणूस दारात उभा राहील."

सासूबाईंनी बोटातली सुई उपसली. मग जे बोलल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

"लावायचीच तर उघड्यावर लाव. मोठ्याने लाव. ते समोरासमोर ठेवून दाबू नकोस."

"शेजारी दगड मारतील, आई!" हे हसले. पण हसताना त्यांनी आईकडे पाहिलं नाही, हे मला आठवतं.

दोन्ही ड्रायव्हर समोरासमोर बसवले. टेप लावली. दुकानभर घूं भरली, जमीन थरथरली. मग यांनी दुसऱ्याच्या तारा उलट्या केल्या...

घूं गेली.

यांनी रजई टाकली. मला म्हणाले, "मी नाट्यगृहात जाऊन तिथल्या तारा बघून येतो. तू खाली बस. जळका वास आला तर प्लग काढ. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी मान हलवली. माझं मौन सुरू झालं होतं. जेवणानंतर भांडी आवरली की दिवेलागणीपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. तेवढा वेळ हातात माळ आणि मनात नाम.

मी स्टुलावर बसले.

रजईखालून माशी गुणगुणावी इतकाच आवाज येत होता. ते नेहमीचंच.

थोड्या वेळाने माशीही थांबली.

मी टेपकडे पाहिलं. चक्रं फिरत होती...

पण दुकानात काहीच ऐकू येत नव्हतं. शिंप्याचं मशीनही नाही. रस्ताही नाही. माझ्या बोटांखाली माळेचा मणी सरकत होता, त्याचा रोजचा बारीक आवाजसुद्धा नाही.

आणि मग...

थप्प.

रजई सरकली असेल, मला वाटलं.

थप्प.

रजई जागच्या जागी होती.

तिसऱ्या वेळी आवाजामागून कुणीतरी श्वास आत ओढला. दातांतून. कळ सोसताना माणूस ओढतो तसा.

अंगावर हात पडल्याचा आवाज कुणाला शिकवावा लागत नाही. माझी माळ हातातच राहिली.

मग पुरुषाचा आवाज आला. हळू. अगदी शांत.

"आवाज नको."

त्याच क्षणी जिन्यावर काहीतरी पडलं.

टक...

एक बटण. पायऱ्या उतरत माझ्या पायाशी आलं, गोल फिरलं आणि आडवं झालं.

टक... टक...

मग अख्खा डबाच उलटला. शेकडो बटणं जिन्यावरून धो धो खाली आली.

मी वर धावले.

सासूबाई जमिनीवर पडल्या होत्या. ओठ फुटला होता, रक्त हनुवटीवरून पदरावर उतरत होतं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. गच्चीकडचं दार आतून लावलेलं. त्यांच्या गालावर हाताचा वळ उठला होता. लाल, ताजा.

दोन बोटं एका बाजूला. एक दुसऱ्या बाजूला.

मधलं नव्हतं.

खालून पुन्हा आवाज आला. थप्प. आणि माझ्यासमोर सासूबाईंची मान झटक्याने वळली. डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीवर डाग राहिला.

आवाज खाली होत होता. मार वर बसत होता.

मला एवढंच सुचलं की ते बंद करायचं. मी बटणांवरून घसरत, आपटत खाली आले आणि प्लग ओढून काढला. टेपची चक्रं थांबली.

थप्प.

मी तारा उपटल्या. दोन्ही ड्रायव्हरच्या. तारा माझ्या मुठीत होत्या...

थप्प. थप्प.

मी रजई ओढली, तसे दोन्ही ड्रायव्हर सुटून हातभर अलग झाले.

एक कोन पुढे आला की दुसरा मागे जायला हवा. मी रोज पाहत आले होते. पण आता दोन्ही कोन एकदम बाहेर येत होते. जोडलेले नसताना. आतून कुणी मुठी माराव्यात तसे. कागदावर मुठीचा आकार उमटत होता आणि जात होता.

मौन मोडायचं की नाही, हा विचारही माझ्या मनात आला नाही. मी शिंप्याला हाक मारली. होता नव्हता तेवढा जीव लावून किंचाळले.

तोंड उघडलं. गळा ताणला. घसा सोलवटला...

आवाज आलाच नाही.

समोरून कुणीतरी तो खाऊन टाकला होता.

मग जिन्यावर सासूबाई दिसल्या. त्या चालत नव्हत्या. त्यांना ओढत आणलं जात होतं. अंबाडा वरच्या बाजूला ताणला गेला होता, कपाळाची कातडीही त्याबरोबर ताणली होती. धरणारा हात दिसत नव्हता. प्रत्येक पायरीवर त्यांचं अंग आदळत होतं.

आणि त्या म्हणत काय होत्या?

"वाचवा" नाही. "सोड" नाही.

"आवाज मोठा कर, पोरी! बाहेर ऐकू जाईल! मोठा कर!"

तेव्हा मला कळलं, सासरे घूं उघड्यावर का लावायचे ते. वर्षानुवर्षं गल्लीने फक्त स्पीकर ऐकला होता.

आणि आज आम्ही तो स्पीकर दाबला होता. त्याच्याखाली जे होतं, तेवढंच उरलं होतं.

शेवटच्या पायरीवर त्यांचा उजवा हात मागे वळला. वळत गेला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबू लागला.

मी त्यांच्या अंगावर आडवी पडले.

लाथ माझ्या बरगडीत बसली. खोटं सांगत नाही, बुटाची टाच मला स्पष्ट जाणवली. श्वास कोंडला. दुसरी त्याच जागी बसली. तोंडात रक्ताची चव आली. तिसरी येणार म्हणून मी डोळे मिटले, आणि सासूबाईंनी मला बाजूला ढकललं.

"हिला नाही," त्या म्हणाल्या.

तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ना मोठा, ना घाबरलेला.

"माझ्यावर होतं तोवर चाललं. हिला नाही."

त्या दाराशी सरकल्या. मोडलेला हात आणि धड हात, दोन्हींनी त्यांनी ते काळं चुंबक उचललं. कसं उचललं ते देव जाणे. डोक्याच्या वर नेलं आणि दोन ड्रायव्हरच्या मधल्या रिकाम्या हवेत हाणलं.

रिकाम्या हवेत.

आणि ते लागलं.

मधेच थांबलं. काहीतरी पिचल्याचा ओला आवाज आला. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा हाणलं. त्यांच्या चेहऱ्यावर शिंतोडे उडत होते, मला ते दिसत होते. पुन्हा. पुन्हा. मी मोजले नाहीत. प्रत्येक घावाला कोन आत दबत होते, कागद फाटत होता, चिंध्या होत होत्या. त्या थांबत नव्हत्या. बटण लावावं तसं, एकामागून एक, एकाच जागी.

मग जमीन हादरली. एक भारी देह पडला. तो पडताना भिंतीजवळचा मोठा खोका कलंडला आणि त्याच जागेवर आदळला.

शांतता.

आणि फाटलेल्या कोनातून, अगदी बारीक, एका लहान मुलाचा आवाज आला...

"आई, बास. मेले ते."

तो आवाज यांचा होता. वयाने लहान, पण यांचाच. "बास" म्हणताना हे "स" जिथे लांबवतात, तिथेच तो लांबला होता.

सासूबाई खाली बसल्या. चुंबक मांडीवर. धापा टाकत होत्या. मी त्यांचा चेहरा पुसायला पदर पुढे केला, तर शिंतोडे नव्हते. फक्त त्यांच्या ओठाचं रक्त होतं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

"शिंप्याला काही ऐकू गेलं का गं?"

मी पदर त्यांच्या ओठाला दाबून धरला.

"तेव्हा स्पीकर चालू होता. म्हणून निभावलं. या वेळी चालू नव्हता ना?" त्यांचे डोळे दाराकडे होते. "त्या दिवशी त्याने पोराला उचलून आपटलं होतं, पोरी. दुसऱ्यांदा आपटणार होता."

एवढंच. त्याविषयी पुढे त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

हे परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातच थबकले. जिन्यावर बटणं, फाटलेले ड्रायव्हर, आडवा खोका, आईचा लोंबणारा हात. त्यांनी काय झालं, असं विचारलं नाही.

"खोका पडला," हे म्हणाले.

मला नाही, आईलाही नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं. आणि सासूबाईंनी मान डोलावली.

डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डॉक्टर माझ्या बरगड्या तपासत म्हणाले, "दोघींवर एकच खोका पडला?" हे म्हणाले, "मोठा होता." डॉक्टरांनी पट्टी बांधायला घेतली.

घरी आल्यावर यांनी चुंबक धुतलं आणि दाराशी, होतं त्याच जागी ठेवलं. मग टेप मागच्या अंगणात नेऊन जाळली. मी उभी होते. धुराकडे बघत यांनी विचारलं, "तू काय ऐकलंस?"

मी देवापाशी दिवा लावायला आत गेले. दिवा लागला की माझं मौन सुटतं. त्या दिवशी त्या एका प्रश्नापुरतं ते सुटलं नाही. यांनीही पुन्हा विचारलं नाही. माझं व्रत तुटलं की राहिलं, हे मला आजही ठाऊक नाही. तोंड तर मी उघडलं होतं. आवाज दुसऱ्याने घेतला.

टेप माझ्या डोक्यातून जात नव्हती. सासऱ्यांच्या वेळी ती नुसती वाजत असायची, तिच्यात नवं काही भरलं जात नव्हतं. घूं तर त्या माराच्या आधीच भरलेली. मग तिच्यात तो मार आला कुठून? आणि ते पोरगं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटणं वेचत होते. शिंपी दारात आला. सासूबाईंची चौकशी केली, हळहळला. जाता जाता थांबला.

"वहिनी, राग मानू नका. काल दुपारी फारच मोठ्याने स्पीकर लावलात हो. अगदी यांच्या बाबांच्या वेळेसारखा. कात्र्या नाचत होत्या. मी मधल्या भिंतीवर थापा मारल्या, हाका मारल्या... पण त्या घूंपुढे दुसरं काही ऐकूच येईना."

माझ्या मुठीतली बटणं पुन्हा जमिनीवर पडली.

प्लग मी माझ्या हाताने काढला होता. दुकानात तर माळेच्या मण्याचाही आवाज नव्हता.

सासूबाई पुढे काही वर्षं जगल्या. तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. बटणं डाव्या हाताने लावायच्या. जाण्याआधी त्यांनी यांचा हात धरून एकच गोष्ट मागितली. "समोरासमोर ठेवू नकोस रे कधी."

तेव्हापासून हे नवे ड्रायव्हर उघड्यावर मोकळे करतात, रस्त्याकडे तोंड करून. गल्ली शिव्या देते. देऊ दे.

दुपारी माझं मौन असतं. मी स्टुलावर बसते, माळ हातात घेते. घूं चालू असते तोवर माझा जप नीट होतो.

पण कधी वीज जाते. घूं एकदम थांबते...

तेव्हा मी श्वास धरून जिन्याकडे बघते. बटणं आता आमच्या घरात कुणी लावत नाही. सासूबाई गेल्यावर मी एकूण एक शिंप्याला परत दिली होती.

परवा वीज गेली, तेव्हा एक खाली आलं.